जुनी जपानी गिटार: दुरुस्ती किती करायची आणि काय सांगून विकायची

टेबलावर ठेवलेली ही काळी गिटार १९७६ सालची आयबानेझ २३५० आहे. मागच्या रांगेतून ती थेट गिब्सन या अमेरिकन कंपनीची लेस पॉल कस्टम वाटत असेल. पण उलटी केली की पाठीवर चार स्क्रूंचा पत्रा दिसतो. गिब्सनच्या लेस पॉलची नेक, म्हणजे बोटं फिरतात तो लांब दांडा, बॉडीत गोंदाने चिकटवलेली असते, हिची स्क्रूने आवळलेली आहे. अनुक्रमांक एफ ७६ ने सुरू होतो. आयबानेझच्या त्या काळच्या पद्धतीत ए म्हणजे जानेवारी, एफ म्हणजे जून, आणि पुढचे दोन आकडे सालाचे. तुम्हाला बोलावलंय ते हिची दुरुस्ती आणि विक्री यासाठी. विक्रीकडे येतोच. पण आधी एका शब्दाचा निकाल लावू या, कारण त्या शब्दाने या गिटारींचं फार नुकसान केलं आहे.

तो शब्द म्हणजे ‘लॉसूट’, इंग्रजीत खटला. सत्तरच्या दशकातली कुठलीही जपानी नक्कल आज ‘लॉसूट गिटार’ म्हणून विकायला ठेवतात. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटची नक्कलही लॉसूट, अकौस्टिकही लॉसूट. वाचणाऱ्याला वाटतं, या गिटारी इतक्या हुबेहूब होत्या की अमेरिकन कंपन्यांनी सगळ्या जपानला कोर्टात खेचलं. प्रत्यक्षात खटला एकच झाला. गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने जून १९७७ मध्ये फिलाडेल्फियाच्या फेडरल कोर्टात आयबानेझची अमेरिकेतली वितरक कंपनी एल्जर हिच्यावर दावा लावला. वाद लाकडाचा नव्हता, आवाजाचा नव्हता, बॉडीच्या आकाराचाही नव्हता. वाद होता हेडस्टॉकच्या, म्हणजे तारा पिळायच्या किल्ल्या असतात त्या टोकाच्या, वरच्या कडेचा, उघड्या पुस्तकासारख्या दिसणाऱ्या त्या नक्षीचा. आणि दावा दाखल झाला तोवर आयबानेझने ती कड बदललेलीसुद्धा होती. १९७८ च्या सुरुवातीला कोर्टाबाहेर तडजोड झाली, न्यायाधीशांनी निकाल दिलाच नाही. म्हणजे ‘बंदी आलेली गिटार’ वगैरे जे सांगतात, त्याला आधार नाही.

याचा राग येण्याचं कारण सांगतो. लॉसूट म्हटलं की सगळं एकाच पोत्यात जातं, आणि या गिटारींची खरी प्रतवारी कुणी बघत नाही. नागानो प्रांतातल्या मात्सुमोतो शहरात १९६० साली सुरू झालेली फुजिगेन घ्या. ग्रेको आणि आयबानेझ ही दोन्ही नावं तिथून निघत होती. त्याच शहरातल्या मात्सुमोकूचा पाया शिलाई मशीनच्या लाकडी पेट्या बनवण्यात होता. हामामात्सूच्या तोकाईची रीत पुन्हा वेगळी. या कंपन्यांनी आपली प्रतवारी मॉडेलच्या नावातच लिहून ठेवली आहे. ग्रेको ईजी ५०० म्हणजे जपानात छापील किंमत ५० हजार येन. तोकाईची एलएस ८० म्हणजे ८० हजार. खालच्या किमतीत स्क्रूची नेक आणि प्लायवूडचा दाबून गोल केलेला टॉप, वर चढत जाल तशी चिकटवलेली नेक आणि भरीव मेपल. एवढा सरळ हिशेब समोर असताना ‘लॉसूट’ हा शब्द कशाला हवा?

आपल्याला नकलेचं वावडं नाहीच. कॉलेजात कोलकात्याची गिव्हसन वाजवलेले किती जण आहेत इथे? हात वर करा. बघा, निम्मं सभागृह! गिटार कुणासारखी दिसते याने तिची लाज वाटायचं कारण नाही. ती कशी बांधली आहे एवढं खरं सांगितलं की पुरे.

आता हत्यारं. जपानी स्क्रूवर फुली असते, आपण त्याला स्टार स्क्रू म्हणतो, पण ती फिलिप्सची फुली नाही. ती जपानी मानकाची, म्हणजे जेआयएसची आहे. फिलिप्सचं टोक तिच्यात तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की उसळून बाहेर येतं आणि फुलीच्या कडा खातं. जुन्या जपानी मोटारसायकलींचे कार्ब्युरेटर उघडणाऱ्या मेकॅनिकला हे पाठ असतं. नेकच्या स्क्रूंना जेआयएस दोन नंबर, किल्ल्यांच्या आणि पिकअपच्या, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकी भागाच्या, रिंगच्या स्क्रूंना एक नंबर. पन्नास वर्षांचा मूळ स्क्रू एकदा खराब झाला की तसाच दुसरा मिळायला महिने जातात.

नेक काढण्याआधी तारा पूर्ण सैल करा. नेक आणि बॉडी जिथे भेटतात तिथे धारदार पात्याने एक हलकी रेघ ओढा. या गिटारींवर जाड पॉली फिनिश (प्लास्टिकसारखा थर) असतं, ते फटीवरून पलीकडे चिकटलेलं असतं आणि नेक ओढली की नखाएवढा टवका घेऊन येतं. नेक बसते त्या खाचेत बहुतेक वेळा पुठ्ठ्याचा किंवा व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा सापडतो. ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) तळाला टेकला, तरी अॅक्शन, म्हणजे नेकपासून तारांची उंची, जास्तच राहिली, म्हणून कुणीतरी तो खाचेच्या पिकअपकडच्या टोकाला घातलेला असतो. उपाय बरोबर आहे, वस्तू चुकीची आहे. एकाच टोकाला तुकडा घातला की मधे पोकळी राहते. वर्षानुवर्षं स्क्रू नेकला त्या पोकळीत ओढत राहतात आणि नेकवरचे शेवटचे सहा-सात फ्रेट (धातूच्या आडव्या कडा) उताराच्या टोकासारखे वर उचलले जातात. मग पंधराव्या फ्रेटच्या पुढे तार झणझणते, आणि लोक फ्रेट घासत बसतात.

तिथे हवी पूर्ण खाचेच्या लांबीची मेपलची पाचर. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला हवी तेवढी जाडी. किती, तर साधं त्रैराशिक आहे. खाच ७५ मिलिमीटर लांब, तिच्या तोंडापासून ब्रिज साधारण २५० मिलिमीटरवर. पाचर मागच्या टोकाला अर्धा मिलिमीटर जाड असेल, तर ब्रिजला वर यायला सुमारे १.७ मिलिमीटर जागा मिळते. बहुतेक गिटारींना तेवढंच लागतं. आधी नेक सरळ करून फ्रेटवर पट्टी ठेवा. पट्टीचं टोक ब्रिजच्या वरच्या कडेला कुठे लागतं ते बघून मगच पाचर घासायला घ्या.

परत बसवताना बॉडीतल्या भोकांतून स्क्रू नुसता ढकलून जायला हवा. तिथे आटे धरले तर नेक कितीही आवळा, फट राहणारच. नेकमधल्या भोकात स्क्रू आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात पडला की बोटाला ‘कट्’ असं कळतं, मग सुलटा आवळा. आट्यांवर मेणबत्ती घासून घ्या. आटे गेलेच असतील तर काडेपेटीच्या काड्या कोंबू नका. भोक मोठं करून कठीण लाकडाची खुंटी गोंदाने बसवा आणि दुसऱ्या दिवशी नव्याने बारीक भोक पाडा.

ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक सांभाळणारी आतली सळई, आधी थोडा सैल करायचा, मग पाव-पाव फेरा आवळायचा, आणि प्रत्येक फेऱ्यानंतर गिटार थोडा वेळ तशीच ठेवायची. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबली की सातव्या-आठव्या फ्रेटपाशी पाव मिलिमीटरच्या आत फट राहायला हवी. मुंबईत किंवा कोकणात जुलैत केलेलं सेटिंग जानेवारीत तपासायला विसरू नका. फ्रेटची उंची व्हर्नियरने मोजा. लेव्हल केल्यावर ०.७ मिलिमीटरच्या खाली जाणार असतील तर घासण्यात अर्थ नाही, नवे घालावे लागतील. आणि स्टील वूल वापरणार असाल तर पिकअप आधी टेपने झाका. चुंबकाला चिकटलेली ती लोखंडी भुकटी पुन्हा निघत नाही.

वायरिंगमध्ये सगळ्यात जास्त नासधूस ‘अपग्रेड’च्या नावाखाली होते. पॉट (नॉबखालचा, आवाज कमीजास्त करणारा भाग) खरखरतो, म्हणून अमेरिकन पॉट आणतात. त्याची मान ९.५ मिलिमीटरची, इथलं भोक सातचं किंवा आठचं, म्हणून ड्रिल चालवतात. मग मूळ नॉब बसत नाही, कारण जपानी दांडा सहा मिलिमीटरचा आणि दाते १८, अमेरिकन दांड्याला दाते २४. मग नॉबही बदलतात. एका खरखरीपायी गिटारीला कायमचं भोक! पॉटच्या फटीत काँटॅक्ट क्लीनर मारा, पंचवीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बहुतेक पॉट तेवढ्याने सुधारतात. पिकअप मल्टिमीटरवर सात ते नऊ किलोओम दाखवत असेल तर तो जिवंत आहे, त्याला हात लावू नका. काहीच दाखवत नसेल तर आधी बाहेरची वायर जिथे जोडली आहे तो सांधा बघा. या गिटारीचा टॉप बोटाने वाजवून पाहा, आतून पोकळ आवाज येतो. प्लायवूडच्या कमानीखाली हवा आहे. अॅम्प्लिफायरच्या जास्त गेनवर ती शिट्टी देणारच, त्यासाठी पिकअपला दोष देऊ नका.

फिनिशबद्दल एकच सांगतो: लायटरचं पेट्रोल आणि सुती कापड. रंग पुन्हा मारायचा नाही, सिलिकॉनचं पॉलिश लावायचं नाही.

आयोजक घड्याळ दाखवतायत, दहा मिनिटं उरलीत. विक्रीचं भराभर सांगतो.

किंमत ठरवताना लोक किती मागतायत ते बघू नका, तशीच गिटार खरोखर कितीला गेली ते बघा. स्क्रूच्या नेकची तुलना स्क्रूच्या नेकशीच करा. जाहिरातीत खाच, पिकअपची मागची बाजू, वायरिंग, अनुक्रमांक आणि प्रत्येक टवका यांचे फोटो द्या. फ्रेटची उंची, बाराव्या फ्रेटवरची अॅक्शन आणि वजन आकड्यात लिहा. काय बदललं, काय मूळ आहे, पाचर घातली असेल तर तीही लिहा. काढलेला प्रत्येक मूळ भाग पिशवीत घालून गिटारीबरोबर द्या, मोडकी किल्लीसुद्धा. हेडस्टॉकवर गिब्सनचा स्टिकर लावणं ही फसवणूक आहे, आणि तो लावलेली गिटार तशीच पुढे विकणं हीसुद्धा.

परदेशी पाठवणार असाल तर लाकडाबद्दल जपून लिहा. फ्रेटबोर्ड ब्राझिलियन शिसवीचं आहे असं भाव वाढवायला ठोकून देतात. ते लाकूड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वात कडक यादीत आहे, परवान्याशिवाय सीमा ओलांडता येत नाही. भारतीय शिसवीच्या तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून सूट आहे. खात्री नसेल तर नुसतं ‘शिसवी’ लिहा.

पाठवताना तारा दोन सूर उतरवा, पूर्ण सैल करू नका. केसमध्ये हेडस्टॉकच्या खाली आणि वर दोन्हीकडे गुंडाळलेलं कापड ठासा, ते हलायला नको. खोका पाठीवर आपटला की अशा गिटारी नटच्या, म्हणजे हेडस्टॉकजवळ तारा टेकतात त्या पट्टीच्या, मागे मोडतात. केस खोक्यात, आणि चारही बाजूंना चार बोटं भरण. या गिटारीचा खोका तिकडे भिंतीशी उघडा ठेवला आहे, जाताना कापड कुठे ठासलंय ते हात लावून बघा.