दहा आकडे

(दृश्य: सकाळची लोकल, बायकांचा डबा)

निवेदन:
कुर्ला गेलं की डबा जरा मोकळा होतो. खिडकीजवळच्या काकू समोरच्या नव्या मुलीला म्हणतात, "नंबर दे गं तुझा, ग्रुपमध्ये टाकते. गाडी लेट असली की कळतं." खरंच कळतं. कुठली गाडी रद्द, रुळांवर पाणी कुठे, कोणाची छत्री राहिली, सगळं.

व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपमध्ये 1024 जण मावतात. या मुलीला त्यातल्या तिघी-चौघी ओळखतील. नंबर मात्र सगळ्यांना दिसेल.

मेसेजना कुलूप आहे. 2016 पासून तिथला मजकूर पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कोणाला वाचता येत नाही. नंबर उघडाच राहिला. आणि आपल्याकडे त्या दहा आकड्यांमागे सिम घेताना दिलेली ओळखपत्रं असतात, बँकेचे ओटीपी त्याच्यावरच येतात. यूपीआयला जोडलेला असेल, तर अनोळखी माणसानेही पैसे पाठवायच्या निमित्ताने तो नंबर टाकावा, खात्यावरचं नाव समोर येतं. रात्री अकराला "हाय" पाठवणाऱ्याला आता नावही कळलेलं असतं.

(दृश्य: हातातला फोन, ग्रुपमधली न संपणारी नंबरांची यादी)

अॅपवाले नंबर का मागतात, तेही समजून घ्यायला हवं. वहीतले नंबर जुळवून ओळखीची माणसं चटकन सापडतात. शिवाय नंबरच लागत नसता, तर एकेकाने हजार खोटी खाती उघडली असती. ठीक आहे. पण खातं उघडायला नंबर घेणं वेगळं आणि तो सगळ्यांसमोर मांडणं वेगळं. सिग्नल नावाच्या मेसेजिंग अॅपने 2024 मध्ये हा फरक करून दाखवला. नोंदणीला नंबर लागतो, पण ज्यांच्याकडे तो आधीपासून नाही त्यांना आपोआप दिसत नाही. गप्पा सुरू करायला युजरनेम पुरतं. स्वित्झर्लंडच्या थ्रीमा या अॅपला तर नंबर न देताही चालतं, ते आठ अक्षरांचा आयडी देतं.

पण काकूंचा ग्रुप तिथे नाही. गाडी लेट आहे हे या ग्रुपवरच कळतं.

(दृश्य: पुन्हा डबा)

मुलगी नंबर सांगते. पंख्यांच्या आवाजात काकूंना ऐकू जात नाही, म्हणून पुन्हा सांगते, मोठ्याने. दाराजवळच्या दोघी वळून बघतात. काकू एकेक आकडा म्हणत टाइप करतात.

"शेवटचे दोन परत सांग."