बसायच्या जागेवरची नक्षी

(हस्तकलेवरील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आजचा विषय मोटरसायकलच्या सीटचा आहे. शोरूममधून गाडी घेताना तिच्यावर असते ती फोम आणि रेक्झिनची सीट मात्र नव्हे. मी बोलणार आहे ती जाड चामड्याची, हाताने नक्षी कोरलेली, एकाच माणसापुरती सोलो सीट, जी बॉबर आणि चॉपर, म्हणजे मूळ गाडीत काटछाट करून बनवलेल्या गाड्यांवर बसवतात. मी अशा सीट बनवते. या कामात एक अडचण मुळातच आहे आणि ती नीट समजली की बाकीचं सगळं काम तिच्यातूनच उलगडत जातं, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

चामड्यावर फुलं-पानं कोरायची ही कला खोगिराची. स्पेनमधून ती मेक्सिकोत गेली आणि तिथल्या गुराख्यांच्या खोगिरांवरून अमेरिकेच्या पश्चिम भागात पसरली. दुसऱ्या महायुद्धानंतर वायोमिंग राज्यातल्या शेरिडन या गावात तिला एक वेगळंच वळण मिळालं. तिथले खोगीर-कारागीर डॉन किंग यांनी रानगुलाबाची फुलं लहान केली, दाट बसवली आणि प्रत्येक फुलाभोवती त्याच्याच देठाचं वर्तुळ फिरवलं. एक वर्तुळ संपतं तिथून दुसरं निघतं, नजर कुठे थांबतच नाही. आज जगभर हिला शेरिडन शैली म्हणतात. 1991 मध्ये अमेरिकेने किंग यांना नॅशनल हेरिटेज फेलोशिप दिली, पारंपरिक कलावंतांसाठीचा तिथला हा सर्वोच्च सन्मान. 2007 मध्ये ते गेले. आपल्याला हवा तसा ठसा बाजारात मिळाला नाही, तर ते स्वतः लोखंड घासून तो घडवायचे. त्यांची ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आता शेरिडनचं एखादं खोगीर डोळ्यांसमोर आणा आणि नक्षी कुठे आहे ते पाहा. स्वाराचा पाय आणि घोड्याचं अंग यांच्यामध्ये लोंबणाऱ्या रुंद पट्ट्यावर आहे. खालच्या झुलीवर आहे, पुढच्या उंचवट्यावर आहे, पाठीमागच्या कडेवर आहे. बसायची जागा मात्र बहुतेक वेळा साधी, गुळगुळीत ठेवलेली असते. जिथे माणसाचं वजन आणि घर्षण आहे तिथे कोरायचं नाही, हे त्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं.

मोटरसायकलवर काय झालं? महायुद्धाच्या आसपास अमेरिकेत तरुणांनी हार्ले-डेव्हिडसनसारख्या जड गाड्यांचे मडगार्ड छाटले, नको ते सामान काढून टाकलं आणि गाडी हलकी केली. त्या बॉबर. पुढे साठच्या दशकात पुढचा फोर्क लांबवलेल्या चॉपर आल्या. या सगळ्या काटछाटीत सीट उरली जेमतेम 10 ते 15 इंच रुंदीची. हौशी लोकांनी तिच्यावर खोगिराची नक्षी आणली, पण इथे पट्टे नाहीत, झूल नाही, उंचवटा नाही. खोगिरावर नक्षीला जेवढी जागा होती ती सगळी गेली आणि राहिली फक्त तीच एक जागा, जी जुने कारागीर मोकळी सोडत होते. मी सांगितलेली अडचण ती हीच. म्हणून सीटवर काय कोरायचं यापेक्षा कुठे कोरायचं नाही, हे मी आधी ठरवते.

त्याचं कारण चामड्याच्या स्वभावात आहे. बाजारातलं बहुतांश चामडं क्रोमचं असतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याची पद्धत आली आणि महिनोन्‌महिन्यांचं काम दिवसांवर आलं. ते चामडं मऊ असतं, पाण्याला दाद देत नाही. कोरीवकामाला ते निरुपयोगी, कारण त्यावर ठसा मारला तर ते रबरासारखं पुन्हा वर येतं. कोरायला लागतं ते झाडाच्या सालीत किंवा फळात कमावलेलं चामडं. परदेशात ओक, चेस्टनट, मिमोसा वापरतात. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा. या झाडपाल्यातलं टॅनिन कातड्याच्या तंतूंमध्ये असं बसतं, की चामडं ओलं असताना मेणासारखं दबतं आणि वाळलं की दबलेलंच राहतं.

इथे कोल्हापूरचं नाव घेतलंच पाहिजे. कोल्हापुरी चपलेचं चामडं याच जातीचं. कातडं पिशवीसारखं शिवायचं, आत बाभळीची साल आणि हिरड्याचा अर्क भरायचा आणि ती पिशवी टांगून ठेवायची, ही तिथल्या ढोर समाजाने जपलेली पद्धत. चर्मकार समाजाच्या हातात ते चामडं आलं की त्याची चप्पल होते. 2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. पण ज्या हातांनी हे ज्ञान सांभाळलं त्यांना आपल्या समाजाने शतकानुशतकं गावकुसाबाहेर ठेवलं. आज चामड्याच्या वस्तूला ‘हँडमेड’ म्हणून हजारो रुपये मोजले जातात, तेव्हा ही गोष्ट मोठ्याने बोलली गेली पाहिजे असं मला वाटतं. मी रापी आणि आरी धरायला शिकले ती अशाच एका घरात, आणि माझ्या कामाचा पाया तोच आहे.

म्हशीच्या कातड्याचा दाणा, म्हणजे वरचा पोत, जाडसर असतो. शेरिडनसारखी बारीक फुलं त्यावर तितकी साफ उठत नाहीत. मोठी पानं, भौमितिक वेल, गोंड्यासारखे ठळक आकार मात्र त्यावर सुरेख दिसतात. त्यामुळे कुठलं चामडं समोर आहे हे बघूनच चित्र काढते. जाडी मी साधारण साडेतीन मिलिमीटर घेते. तीनच्या खाली गेलं तर कोरायला खोली मिळत नाही आणि चारच्या वर गेलं तर पॅनच्या कडेवरून चामडं वळता वळत नाही.

पॅन म्हणजे सीटचा सांगाडा. दोनेक मिलिमीटरचा पोलादी पत्रा किंवा फायबर. तो नाकाशी, म्हणजे सीटच्या पुढच्या टोकाशी, बिजागरीवर बसतो आणि मागे दोन स्प्रिंगांवर. ज्या गाडीला मागे सस्पेन्शनच नाही तिथे खड्ड्याचा सगळा धक्का या दोन स्प्रिंगा झेलतात. लोकांना वाटतं फोम जितका जाड तितकं बसायला बरं. कोरलेल्या चामड्याखाली जाड, मऊ फोम घालूच नये. वजन पडलं की वरचं चामडं वाकतं आणि सुरीने केलेली प्रत्येक चीर थोडी थोडी उघडते. काही महिन्यांत तिथे भेगा दिसायला लागतात. अर्ध्या ते एक इंचाचा, घट्ट, पाणी न शोषणारा फोम पुरतो. आरामाचं काम पॅनच्या आकाराने करायचं.

आकार ठरला की कोरं चामडं ओलं करून पॅनवर ताणून बसवते, वाळू देते आणि मग गाडीच्या मालकाला त्यावर बसवते. खिशातला मोबाइल, पाकीट सगळं काढून. तो उठला की बसायच्या दोन हाडांखाली कुठे दाब पडतोय ते हाताला कळतं. मांड्या कुठे घासतात, पँटच्या मागच्या खिशांची रिव्हेटं कुठे येतात, ते खडूने आखून घेते. या खुणांच्या आत मी काहीही कोरत नाही. मग उरतं काय? मागच्या कडेची चंद्रकोर, नाकाजवळची निमुळती पट्टी आणि दोन्ही बाजूंचे उतार. एवढ्यात वेल खेळवायची. अनेक गिऱ्हाइकं मधोमध गरुड, कवटी किंवा स्वतःचं नाव मागतात. मी त्यांना समजावते, की ओल्या चामड्यावर दाब दिला की आकार बसतो हे जसं खरं, तसंच भिजलेल्या सीटवर माणूस बसला की कोरलेला आकार सपाट होतो हेही तितकंच खरं. पावसात भिजून दोनदा लांब गेलात तर गरुडाची चोच राहणार नाही. बहुतेकांना पटतं. ज्यांना पटत नाही त्यांचं काम मी घेत नाही.

आता प्रत्यक्ष कोरणं. मला यातला सगळ्यात जवळचा भाग पाण्याचा वाटतो. स्पंजने चामडं दोन्ही बाजूंनी ओलं करायचं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवायचं. सकाळी उघडलं की ते गडद आणि लिबलिबीत असतं. तेव्हा हात लावायचा नाही. हळूहळू रंग परत येतो आणि वरून ते जवळजवळ कोरडं दिसायला लागतं, पण हाताची पालथी बाजू टेकवली की गार लागतं. ती वेळ. त्याआधी ठसा मारला तर कडा पसरट होतात. त्यानंतर सुरी ओढली तर ती अडखळते. ती वेळ साधली, तर ठशाखाली चामड्याचा रंग आपोआप गडद तपकिरी होतो, कुठलाही रंग न लावता. या तपकिरी छटेसाठी मी दिवसाची बाकी कामं बाजूला ठेवते. मे महिन्यात पुण्यात ही वेळ झपाट्याने निघून जाते, म्हणून उन्हाळ्यात पहाटे बसते. पावसाळ्यात निवांत.

कोरण्याआधी पाठीमागच्या बाजूला खोकी बंद करायची तपकिरी टेप चिकटवायची, नाहीतर ठोकून ठोकून चामडं पसरतं आणि मग ते पॅनवर बसत नाही. खाली दगड हवा. त्यासाठी महागडं काही घेऊ नका. ओट्याच्या ग्रॅनाइटचे तुकडे मार्बलवाल्याकडे पडलेले असतात, एखादा जाड बघून आणा.

सुरीला स्विव्हल नाइफ म्हणतात. वरच्या खाचेत तर्जनी टेकवायची, अंगठा आणि मधल्या बोटाने दांडी फिरवायची. दाब तर्जनीचा, वळण बाकी बोटांचं. चीर जाडीच्या अर्ध्यापर्यंतच, आणि देठाच्या टोकाशी येताना दाब उतरवत न्यायचा, म्हणजे रेघ विरत जाते. एकदा ओढलेली रेघ पुसता येत नाही. पातं बोथट वाटलं की पॉलिश लावलेल्या चामड्याच्या पट्टीवर घासून घ्यायचं, आणि ते दर थोड्या वेळाने वाटतंच.

मग बेव्हलर. हा उतरत्या तोंडाचा ठसा असतो. चिरेच्या एका बाजूला तो टेकवायचा आणि मोगरीने हलके हलके ठोकत, जेमतेम ठशाच्या निम्म्या रुंदीने पुढे सरकवत न्यायचा. ती बाजू खाली दबते आणि दुसऱ्या बाजूची पाकळी वर आल्यासारखी दिसते. खरं तर पाकळी तसूभरही वर आलेली नसते. तिच्या आजूबाजूचं सगळं खाली गेलेलं असतं. पाकळीच्या पोटातली खोली, पानाच्या शिरा, फुलातले परागकण, मागची खरखरीत जमीन या प्रत्येकासाठी वेगळा ठसा आहे. पण बेव्हलिंग चांगलं असेल तर बाकीचं कमी असलं तरी चालतं. ते वाईट असेल, तर बाकीचं कितीही करा, फूल कागदावर छापल्यासारखंच दिसतं.

एका गोष्टीची धास्ती कायम बाळगा. ओलं चामडं आणि उघडं लोखंड. खिळा, स्क्रू, लोखंडाचा कीस, काहीही टेकलं की काळा-निळा डाग. हिरड्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घालून काळा रंग करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. इथेही तीच क्रिया होते, टॅनिन आणि लोह भेटलं की काळं. डाग ताजा असेल तर पातळ केलेल्या लिंबाच्या रसाने फिका होतो. पण पॅनच आतून गंजला, तर तो डाग हळूहळू खालून वर येतो आणि त्याला इलाज नाही. म्हणून पोलादी पॅनला दोन्ही बाजूंनी पावडर कोटिंग करून घ्या आणि रिव्हेटं पितळेची किंवा स्टेनलेसची वापरा.

शिलाई दोन सुयांची. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आरीने पाडलेल्या एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी आरपार. मशीनच्या टाक्यात एक धागा तुटला की शिवण उसवत जाते. इथे एक धागा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. सीटची कड बुटाने, चेनच्या तेलाने, पार्किंगमधल्या शेजारच्या हँडलने सतत दुखावली जाते, म्हणून तिथे मशीन नको.

शेवटी निगा, कारण सीट घेऊन जाणारा प्रत्येक जण हे विचारतोच. उन्हाने चामडं काळवंडतं, ते चांगलंच दिसतं, काळजी नको. सुकलं वाटलं की नीट्सफूट तेलाचा, म्हणजे गुरांच्या पायाच्या हाडांपासून काढलेल्या तेलाचा, अगदी पातळ हात द्या. जास्त तेल दिलं तर चामडं मऊ पडतं आणि नक्षी ढिली होते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात बुरशी येणार. कोरड्या फडक्याने पुसा, सावलीत वारा द्या, हेअर ड्रायर लावू नका. प्लॅस्टिकचं कव्हर रात्रभर घालून ठेवू नका, आत घाम धरतो. सीट भिजली असेल तर ती पूर्ण वाळेपर्यंत तिच्यावर बसू नका. चार स्क्रूंवर बसवलेली असते. जून ते सप्टेंबर ती काढून घरात ठेवा आणि गाडीवर साधी रेक्झिनची लावा.

आता मी सोबत आणलेल्या सीट टेबलावर आहेत. एक अर्धी कोरलेली आहे, तिला हात लावून बघा. सकाळीच ओली केली आहे, अजून गार लागेल.