सहीआधी घरातली माणसं मोजा

नमस्कार श्रोतेहो. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, लग्न इकडे. अक्षता पडून आठवडा होत नाही तोच घरात प्रश्न निघतो, "ग्रीन कार्डासाठी पगार किती लागतो?"

आय-८६४ नावाचा फॉर्म असतो. बोलावणाऱ्याने त्यात सरकारला लिहून द्यायचं, की येणाऱ्याचा भार मी उचलेन. त्यासाठी उत्पन्न तिथल्या दारिद्र्यरेषेच्या निदान १२५ टक्के हवं. २०२५ च्या तक्त्यात दोन माणसांच्या घराला हा आकडा वर्षाला २६,४३७ डॉलर होता. अलास्का आणि हवाईत तो जास्त असतो.

आकडा ऐकून बरेच जण निर्धास्त होतात. पण घोळ होतो तो माणसं मोजताना. माझ्या ओळखीच्या एका मुलाने घरातली माणसं दोन लिहिली होती, तो आणि बायको. पगार ३६,००० डॉलर. मी विचारलं, "आईबाबांचं ग्रीन कार्ड कुणी केलं?" "मीच, तीन वर्षांपूर्वी." त्याच फॉर्मवर सही करून! ती हमी चालू आहे तोवर आईबाबा मोजणीत येतातच, मग ते धाकट्या भावाकडे का राहत असेनात. दोनाचे चार झाले, आणि २६,४३७ चे ४०,१८७. पोराचा चेहरा उतरला.

कमी पडत होते ४,१८७ डॉलर. बोलावणारा अमेरिकी नागरिक असेल, तर जोडीदारासाठी अशा तुटीच्या तिप्पट मालमत्ता दाखवून भागतं. म्हणजे १२,५६१ डॉलर. बायकोचा पुण्यातला पगार धरता येत नव्हता, कारण ती नोकरी सोडूनच निघणार होती. तिच्या नावावरची मुदत ठेव मात्र चालली! वर्षाच्या आत मोडता यावी आणि पैसे देशाबाहेर नेता यावेत, एवढं दाखवावं लागलं.

तेवढीही शिल्लक नसेल तर दुसरा हमीदार घेता येतो. तो अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवा, नातेवाईक असलाच पाहिजे असं नाही. आपल्याकडे बहुधा मामांना फोन जातो आणि मामा नाही म्हणत नाहीत. इथे मला फार काळजी वाटते. ही हमी वर्षा-दोन वर्षांत संपत नाही. येणारी व्यक्ती नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षं, जमा होईपर्यंत ती चालते. घटस्फोटानेही सुटत नाही. वेगळं झाल्यावर जोडीदाराने याच कागदाच्या आधारे कोर्टात खर्च मागितल्याचे खटले तिथे झाले आहेत.

नव्या लग्नात हा विषय काढणं अशुभ वाटतं, हे मला कळतं. तरी मामांपुढे फॉर्म ठेवाल तेव्हा जबाबदारी कधी संपते ते सांगणारा भाग त्यांना मराठीत समजावून सांगा. मामींनाही शेजारी बसवा.