गरम झालेल्या इंजिनाचं हेड उघडताना

नमस्कार श्रोतेहो.

चैत्राची यात्रा सुरू झाली की सप्तशृंगी गडावर जाऊन आलेल्या जुन्या गाड्या आमच्या गॅरेजच्या दारात उभ्या राहायला लागतात. नांदुरी सोडून घाट चढायला लागलं की गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर येते. वरून ऊन, रेडिएटरला वारा नाही, आत पाच माणसं. काटा लाल पट्टीकडे सरकतो आणि चालवणारा म्हणतो, "एवढं वळण जाऊ द्या, वर गेल्यावर थांबू." बहुतेक वेळा हेड गॅस्केट जातं ते त्याच वळणात.

हे गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामध्ये दाबून बसवलेली पातळ पट्टी. सिलिंडरमधला जाळ, ऑइल आणि थंड ठेवणारं पाणी या तिघांना ती एकमेकांपासून वेगळं ठेवते. जुन्या गाड्यांत बहुधा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट वाढतं. फूटभर लांबीचं हेड 20 अंशांवरून 100 अंशांवर गेलं की अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त वाढतं, खालचा ब्लॉक मात्र त्याच्या निम्माच. ही ओढाताण गॅस्केट रोज सोसतं. इंजिन प्रमाणाबाहेर तापलं की बोल्टांनी आवळलेलं हेड वाकतं, गॅस्केटवरचा दाब एखाद्या जागी कमी होतो आणि जाळ तिथून वाट काढतो.

मागच्या उन्हाळ्यात एक मारुती 800 आली. मालक सांगत होते, "खाली थेंबही पडत नाही, पण दर दोन दिवसांनी पाणी घालावं लागतं." सकाळी थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडून गाडी चालू केली, तर रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे थांबेनात. सायलेन्सरमधून पांढरी वाफ, तिला गोडसर वास. प्लग काढले. दोन काळपट, तिसरा धुऊन पुसल्यासारखा स्वच्छ. पाणी त्याच सिलिंडरात जात होतं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर हवा किती दाबतो, ते मोजलं: पहिल्यात चौरस सेंटिमीटरला 11 किलो, दुसऱ्यात 5, तिसऱ्यात 5. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडले, तर गॅस्केट बहुधा त्या दोघांच्या मधल्या पट्टीवर जळलेलं असतं. हेड उघडलं तेव्हा तिथेच करंगळीएवढा काळा डाग होता. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसला, तर पाणी ऑइलमध्येही उतरलंय. मग ती गाडी चालवत आणू नका, ओढून आणा. तसल्या ऑइलवर बेअरिंगं टिकत नाहीत.

आता काम. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय बोल्टाला पाना लावू नका, गरम हेड सोडवताना वाकतं. टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व (झडपा) वेळेवर उघडझाप करवणारा पट्टा, काढण्याआधी त्याच्या चाकांवरच्या खुणा जुळवून ठेवा. हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे करत सैल करा. काढलेलं हेड फरशीवर पालथं ठेवू नका, उघडा राहिलेला व्हॉल्व वाकतो. जुनं गॅस्केट लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. ग्राइंडरची चकती लावली तर अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पडतात आणि तिची भुकटी बेअरिंगपर्यंत पोचते.

यानंतरची पायरी मी स्वतः एकदा टाळली होती, म्हणून तिच्यावर जास्त बोलतो. नवा असताना एका शिक्षकांच्या गाडीचं हेड मी डोळ्यांनी बघून "सपाट आहे" म्हटलं आणि बसवलं. बाराव्या दिवशी ते परत आले, रेडिएटरात पुन्हा बुडबुडे. चूक माझी होती, काम पुन्हा बिनपैशाने केलं. तेव्हापासून हेडवर सरळ पोलादी पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरप्या रेषांत ठेवतो आणि पट्टीखाली फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीचं पातळ पातं, सरकवून बघतो. छोट्या इंजिनांना साधारण 0.05 मिलिमीटरपर्यंत चालतं. ही फट डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. पातं त्याहून जास्त फटीत शिरलं, तर हेड फेसिंगला, म्हणजे मशीनवर सपाट करून घ्यायला, पाठवा. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत मशीन शॉप आहेत, हेलपाटा सत्कारणी लागतो. हेडला तडा आहे का, हेही तिथेच तपासून घ्या. ब्लॉकचा माथाही त्याच पट्टीने बघा.

बसवताना ब्लॉकमधली बोल्टांची भोकं कोरडी करा. तळाशी तेल-पाणी साचलं असेल आणि तुम्ही बोल्ट आवळला, तर त्या दाबाने ब्लॉकच फुटू शकतो. गॅस्केटवरची 'वर' अशी खूण पाहून ते तसंच ठेवा. कंपनीच्या पुस्तकात सांगितलं असेल तरच त्याला काही चोपडा. सतरंजी अंथरताना आपण मधून कडांकडे सुरकुत्या काढतो, तसे बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याने, आवळा. आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकातलाच घ्या. "हाताचा अंदाज आहे" म्हणणाऱ्या कारागिराचा हात कितीही तयार असो, इथे पानाच हवा.

पण इंजिन तापलं कशामुळे, ते शोधल्याशिवाय गाडी मालकाच्या ताब्यात देऊ नका. त्या मारुतीत दोन गोष्टी सापडल्या. वर्षानुवर्षे बोअरचं पाणी घातल्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचले होते. आणि झाकणाचं रबर कडक झालं होतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच, इथे उघडं पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाने चौरस सेंटिमीटरला 0.9 किलोचा दाब धरला की तेच पाणी 118 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाने दाब सोडला की ते वीस अंश गेले. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, काढून टाकायचा सल्ला खूप जण देतात, तो ऐकू नका. तो बिघडला असेल तर नवा बसवा. गळती बंद करायला रेडिएटरात हळद किंवा पावडर टाकू नका. गळती असते तिथेच राहते आणि बारीक नळ्या तेवढ्या बुजतात.

गाडी पुन्हा जोडली की नवं ऑइल घाला, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. झाकण उघडं ठेवून इंजिन चालवा, थर्मोस्टॅट उघडून हवा निघून जाईपर्यंत. एकदा गाडी तापली की झाकणाला हात लावायचा नाही, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, पाण्याची पातळी आणि डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची काडी, बघा. आठवडाभर रोज बघा.

नमस्कार.