ज्याला आता धाडस लागत नाही

अध्यक्ष, कार्यकारिणीतले मित्रमैत्रिणी आणि मंडळी, नमस्कार.

सामाजिक प्रगती म्हणजे काय आणि ती कशामुळे होते, असा विषय मला दिला आहे. या विषयाची एक सोय आहे: काहीही बोललं तरी टाळ्या पडतात. म्हणून आधी माझं मोजमाप सांगून टाकतो, म्हणजे मी कुठे घसरतोय हे तुम्हाला धरता येईल.

काल जे करायला असामान्य धाडस लागत होतं, ते आज अगदी भित्र्या माणसालाही सहज करता येत असेल, तर समाज पुढे गेला. दरडोई उत्पन्न, उंच इमारती, वेगवान गाड्या या गोष्टी उपयोगाच्या आहेतच, पण त्यांचा हिशेब वेगळ्या वहीत मांडावा.

शूर माणसं प्रत्येक काळात सापडतात, त्यांच्यावरून समाज मोजू नये. १८४८ साली पुण्यात सावित्रीबाई फुले मुलींना शिकवायला निघाल्या आणि वाटेत त्यांच्या अंगावर शेण-चिखल पडला. त्या तरीही जात राहिल्या. हा त्यांचा मोठेपणा, त्या समाजाचा नव्हे. आज शाळेला निघालेल्या मुलीला गृहपाठ राहिल्याची धास्ती असते, आणि मला ही धास्ती फार मोठी मिळकत वाटते. सगळीकडे ती टिकलेली नाही. अफगाणिस्तानात २०२१ पासून सहावीच्या पुढे मुलींना शाळा बंद आहे. तिथे शिकायचं तर पुन्हा सावित्रीबाईंचं काळीज हवं.

आज रविवार आहे म्हणून आपण इथे जमलो. रविवारी कामावर न जायला आपल्यापैकी कुणाला छाती लागली नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये एकेकाळी ती लागायची. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना बांधली, हजारोंच्या सह्यांचे अर्ज केले, सभा भरवल्या, तेव्हा कुठे १८९० मध्ये मालकांनी आठवड्याची सुट्टी कबूल केली. कामगारांना एकेकट्याने ती मागावी लागली असती तर मागणारा दुसऱ्या दिवशी घरीच बसला असता, पण बिनपगारी आणि कायमचा.

आता श्रीमंतीचं बघू. आधी पैसा येतो, मग शिक्षण, मग समाज आपसूक सुधारतो, ही मांडणी आपल्यासारख्या स्थलांतरितांना फार जवळची वाटते, कारण आपलं स्वतःचं आयुष्य साधारण त्याच क्रमाने गेलेलं असतं. तिला स्वित्झर्लंडचं उदाहरण आडवं येतं. श्रीमंत, सुशिक्षित, लोकशाहीची जुनी सवय असलेला देश. तिथे १९५९ मध्ये बायकांना राष्ट्रीय पातळीवर मताधिकार द्यावा का, यावर सार्वमत झालं. मतदार अर्थातच फक्त पुरुष. दोनतृतीयांश पुरुषांनी ‘नाही’ म्हटलं. हक्क मिळाला १९७१ मध्ये, आणि आपेन्झेल इनररोडन या प्रांतातल्या स्थानिक मतदानासाठी तर १९९० मध्ये न्यायालयाला आदेश द्यावा लागला. त्याच्या कितीतरी आधी, १९५१-५२ मध्ये, बहुसंख्य मतदार निरक्षर असलेल्या गरीब भारतात स्त्री-पुरुष सगळे एकाच रांगेच्या हक्काने मत देऊन मोकळे झाले होते. यावरून भारत स्वित्झर्लंडपेक्षा पुढारलेला ठरतो असं नाही. इतकंच ठरतं की पैशाची गाडी आणि हक्काची गाडी वेगवेगळ्या रुळांवरून धावू शकते.

दुसरं लाडकं वाक्य म्हणजे ‘काळ बदलतो, लोकही बदलतात’. या वाक्यात कुणीच काही करत नाही, हीच त्याची गोडी. मी तुम्हाला महाडची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. आपल्याला ती माहीत असते ती एका दिवसापुरती.

१९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला: सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या सार्वजनिक पाणवठ्यांवर अस्पृश्यांना मज्जाव नसावा. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने त्याला धरून चवदार तळं सर्वांना खुलं केलं. कागद पक्का झाला. तळ्यावर मात्र कुणी गेलं नाही, कारण जाणाऱ्याचं डोकं फुटलं असतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर, महाडला भरलेल्या ज्या परिषदेतून ते तळ्यावर गेले, तिला आलेल्यांवर हल्ले झाले. विरोधकांनी तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये विरोधक दिवाणी न्यायालयात गेले: तळं खाजगी आहे, आणि अस्पृश्यांना मनाई हा आमचा अनादी काळापासूनचा रिवाज आहे.

इथून पुढचं पाठ्यपुस्तकात सहसा नसतं. खटला सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. कैफियती, साक्षी, पुरावे, अपिलं. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की फिर्यादींना तो अनादी रिवाज सिद्ध करता आलेला नाही. म्हणजे ज्या परंपरेसाठी डोकी फोडली गेली, तिचा पुरावा मागितल्यावर देता आला नाही. मला या खटल्यातली ही गोष्ट सर्वांत आवडते. ‘हे पहिल्यापासून असंच आहे’ असं म्हणणाऱ्याला तारीख आणि साक्षीदार विचारणारी एक जागा समाजात असणं, ही केवढी मोठी सोय आहे.

आता या गोष्टीत बदल नेमका कुणी घडवला? ठरावाने? तो चार वर्षं निजून होता. सत्याग्रहाने? तो नसता तर ठराव निजलेलाच राहिला असता, पण तो झाल्यावर नगरपालिका मागे फिरली. न्यायालयाने? तिथे प्रकरण गेलं ते लोक तळ्यावर गेले म्हणून. यातलं एक काढलं की बाकीचं कोलमडतं. आपण पुतळा उभारताना एकच क्षण निवडतो, आणि दहा वर्षं तारखा सांभाळणारे वकील नि कारकून त्यात कुठेच नसतात.

महर्षी कर्व्यांचंही असंच. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. परवानगी मिळाली, पण तिचा उपयोग करणाऱ्याला नातीगोती आणि गाव गमवावं लागे. कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवा असलेल्या गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशी, लग्न केलं आणि मुरूड या त्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. त्यांनी पुनर्विवाहाला उत्तेजन देणारी मंडळीही काढली. पण तीनच वर्षांत, १८९६ मध्ये, त्यांनी विधवांसाठी आश्रम सुरू केला, तो पुढे हिंगण्याला गेला, आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ आलं. त्यांच्या या वळणाचा मी लावलेला अर्थ असा: पुनर्विवाहाला जिगर लागते आणि ती थोड्यांकडेच असते. शिकून स्वतःच्या पायावर उभं राहायला मात्र राहायची खोली, शिकवणारं माणूस आणि खर्चाची तजवीज लागते, आणि हे सगळं जिगर नसलेल्या बाईलाही देता येतं. त्यासाठी कुणीतरी दारोदार वर्गणी मागत फिरावं लागतं. कर्वे फिरले.

इंग्लंडमध्ये गिरण्यांतल्या मुलांसाठी पहिला कायदा १८०२ चा. तो पाळला जातो की नाही हे बघायला धड कुणी नव्हतं, त्यामुळे तो कागदावरच राहिला. १८३३ च्या कायद्याने कापडगिरण्यांमध्ये नऊ वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली आणि चार पगारी निरीक्षक नेमले. सगळ्या देशाला चारच, पण गिरणीत शिरून वही मागायचा अधिकार असलेले. अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने मिळाला. मग दक्षिणेतल्या राज्यांनी मत देण्यासाठी भरायचा कर, साक्षरतेच्या परीक्षा असल्या युक्त्यांनी तो जवळजवळ काढून घेतला. १९६४ मध्ये मिसिसिपीत मतदार यादीत नाव असलेले कृष्णवर्णीय सात टक्क्यांहून कमी होते. १९६५ च्या कायद्याने केंद्र सरकारला नोंदणी करणारे स्वतःचे अधिकारी तिथे पाठवता आले, आणि १९६७ पर्यंत आकडा साठ टक्क्यांच्या आसपास गेला. दोन-तीन वर्षांत तिथल्या गोऱ्यांची मनं बदलली असं कुणी म्हणणार नाही. मोर्चे निघाले, माणसं मेली, कायदा झाला, आणि शेवटी टेबल-खुर्ची टाकून नावं लिहून घेणारा माणूस आला.

यंत्रांना मी श्रेय देत नाही असं समजू नका. आगगाडीने एका बाकावर कुणालाही बसवलं, आणि ते तिकिटांच्या कमाईसाठी केलं, सुधारणेसाठी नव्हे. घरात नळ आला की पाणवठ्यावरचा वादच उरत नाही. पण नळ कोणत्या वस्तीत आधी येतो, हा प्रश्न पुन्हा माणसांचाच.

आपल्याकडे वळतो, आणि हे कदाचित कमी आवडेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली. अमेरिकेतलं असं पहिलं शहर. तेव्हा परदेशातल्या अनेक भारतीयांची तक्रार होती की आमची विनाकारण बदनामी झाली. मला वाटतं, माझंच मोजमाप आपल्याला लावून बघावं. आपल्या मेळाव्यात नव्याने आलेल्या माणसाला आपलं पूर्ण नाव सांगताना किंचितही थांबावं लागतं का? घटस्फोटित बाईला, मूल न झालेल्या जोडप्याला, मुलाने मुलाशी संसार मांडलेल्या आईवडिलांना इथे येताना मन घट्ट करावं लागतं का? ज्यांना लागत नाही त्यांना विचारून काही कळणार नाही. जे यायचे थांबले, त्यांना विचारावं लागेल.

शेवटचा मुद्दा देणग्यांचा, कारण नंतरच्या बैठकीत तो विषय आहे असं कळलं. मैला हाताने साफ करायला लावण्यावर भारतात १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये आणखी कडक झाला. गटारात मृत्यू झाल्यास भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख ठरवली, २०२३ मध्ये तीस लाख केली. तरी माणसं मॅनहोलमध्ये उतरतात आणि मरतात. या कामात आता नवा कायदा कमी पडतोय असं मला वाटत नाही. प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवणारा, कंत्राटाचे कागद माहिती अधिकारात मागवणारा, कुटुंबाबरोबर भरपाईसाठी कचेरीत दहा खेपा घालणारा कार्यकर्ता कमी पडतो, आणि त्याचा महिन्याचा पगार द्यायला देणगीदार सहसा तयार नसतात. त्यांना इमारतीवर पाटी हवी असते. कार्यकारिणीने यंदा पाटीऐवजी असे दोन पगार तीन वर्षांसाठी उचलता येतात का, एवढं बघावं. मंजूर झालं तर माझी वर्गणी त्यात धरा. आता प्रश्न घेतो.