कांडीवरची तारीख

मंडळी, म्हैस उलटली, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आली, की आपल्याकडे शिव्या खाणारे दोघं ठरलेले. एक कृत्रिम रेतन करणारा आणि दुसरी ही गोठवलेल्या रेताची, म्हणजे वीर्याची, कांडी. रेतन करणाऱ्यांकडे नंतर वळतो, ते मागच्या रांगेत बसलेत. आधी कांडी.

पाव मिलिलिटरची. आत २ कोटी शुक्रजंतू, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये निपचित. वर बारीक अक्षरात वळूचा क्रमांक, जात आणि रेत घेतल्याची तारीख. आपण वळू कुठला ते विचारतो, त्याच्या आईचं दूध विचारतो. तारीख कोणी वाचत नाही.

ती तारीख रेत घेतल्याची, शुक्रजंतूच्या जन्माची नव्हे. वळूच्या वृषणात तो घडायला साधारण ६१ दिवस लागतात, पुढे वृषणालगतच्या नळीत पक्व व्हायला आणखी आठ-दहा दिवस. म्हणजे १५ जूनच्या कांडीतला जंतू एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घडायला लागला आणि अख्खा वैशाख त्यानं अंगावर काढला.

प्रयोगशाळेत नवा होतो तेव्हा मी इथंच चकलो. मे कसाबसा काढला, मृगाचा पाऊस पडला, गोठे गार झाले, रेडे ताजेतवाने. म्हटलं, आता काम सुधारणार. पण माल फेकून द्यायचं काही थांबेना. ताजं रेत सूक्ष्मदर्शकाखाली छान वळवळायचं, आणि तेच गोठवून वितळवलं की जंतू मान टाकायचे. आमचे वरिष्ठ हसून म्हणाले, "पाऊस आज पडलाय रे, हे जंतू उन्हातले आहेत."

वृषण पोटाबाहेर लोंबतात ते उगीच नाही. त्यांना शरीरापेक्षा चार-पाच अंश गारवा लागतो. वर रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, त्यात खाली उतरणारं गरम रक्त निवतं. उकाड्यात पिशवी सैल सुटते, अंगापासून लांब राहते. पण विदर्भात हवाच ४३-४४ अंशांवर गेली की ही सोय तोकडी पडते. घडणीच्या मधल्या टप्प्यावरचे जंतू सगळ्यात आधी बिघडतात. कोणाचं डोकं वेडंवाकडं, कोणाची शेपटी मुडपलेली. जे दिसायला धड, त्यांच्याही आवरणातली स्निग्ध द्रव्यं ऑक्सिडीकरणानं खराब झालेली. आपला देशी वळू ऊन बराच सोसतो, विदेशी होल्स्टीन आणि संकरित लवकर हरतात. रेड्याची तर कातडीच काळी, त्यात घामाच्या ग्रंथी कमी. डुंबायला पाणी नसेल तर त्यानं करावं काय?

मग ताज्या रेतात हे का दिसत नाही? जुनं गोणपाट रिकामं असताना धडधाकटच दिसतं, भरून उचललं की फाटतं. गोठवणं म्हणजे ते भरून उचलणं. ग्लिसरॉल आणि अंड्याचा बलक घालून रेत ५ अंशांवर काही तास मुरवतात, मग नायट्रोजनच्या वाफेत धरतात. एवढं करूनही बर्फाचे स्फटिक आणि क्षारांचा ताण आवरणावर येतोच. धडधाकट जंतूंतलेही कितीतरी यात जातात, उन्हानं पोळलेल्यांचं काय घेऊन बसलात!

रेत गोठवणाऱ्या केंद्रावर एखादी कांडी वितळवून तपासणी होते. निम्मे तरी जंतू पुढे पोहताना दिसले नाहीत तर तो सगळा लॉट बाद. त्यामुळे उन्हाळ्याचा मोठा फटका केंद्रालाच बसतो, तुमच्यापर्यंत येतो तो गाळून उरलेला माल. पण माझं मत विचाराल तर नुसती हालचाल बघणं पुरेसं नाही. पोहणाऱ्या जंतूच्या डोक्यावरची टोपी निसटलेली असू शकते, आतला डीएनए दुखावलेला असू शकतो. टोपी नसलेला जंतू बीजापर्यंत पोहोचूनही आत शिरत नाही.

आता मागची रांग. उन्हाळ्यात नायट्रोजन भराभर उडतो, तेव्हा पट्टी घालून पातळी बघता का? कांडी शोधताना कांड्यांचा सगळा पेला टाकीच्या तोंडाबाहेर काढून क्रमांक वाचत बसता, तेवढ्यात बाकीच्या कांड्या अर्धवट तापतात. त्या परत आत बुडवल्या तरी झालेलं नुकसान भरून निघत नाही. थंडीत उलटा घोळ. कांडी नीट वितळवायची आणि रेतनाच्या गारठलेल्या गनमध्ये घालायची. आणि म्हैसही काही कमी नाही. उन्हाळ्यात तिचा माज मुका असतो, लक्षणं फारशी दिसत नाहीत, दुपारी तर कळतच नाही. मग वेळ चुकते आणि पुन्हा नाव कांडीचं.

वितळवायचं ते ३७ अंशांच्या पाण्यात, ३० सेकंद. खिशात नाही, तळहातावर चोळून नाही. आज पेटीत थर्मामीटर कोणाकोणाकडे आहे? हात वर करा बघू.

दोन. बरं.