दुधी रेघ

(दृश्य : अगदी जवळून. आडवी शीट, तिच्यावर उभी शीट, मधे दुधी रेघ. सुईचं टोक.)

या रेघेवर नजर ठेवा. अ‍ॅक्रिलिक म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक; यंत्राखालून आलेली त्याची कड अशीच धुरकट दिसते. आता सुईतून थेंब सुटतोय. द्रव पाण्यापेक्षाही पातळ आहे. तो फटीत शिरला, आणि कुणी न ढकलता पुढे धावत सुटला. तो जिथवर पोचतो तिथवर रेघ मावळते आणि आरपार दिसू लागतं.

काका आणि पुतण्या माशांची टाकी बनवताहेत, पण काका याला ‘चिकटवणं’ म्हणू देत नाहीत. त्यांचं बरोबर आहे, कारण बाटलीत गोंद नाहीच. आत आहे डायक्लोरोमिथेन, एक द्रावक. तो दोन्ही पृष्ठभाग विरघळवतो, दोन्हीकडचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंततात, आणि द्रावक उडून गेला की मागे उरतं ते निव्वळ अ‍ॅक्रिलिक. काचेच्या टाकीत सिलिकॉन दोन काचांना धरून ठेवतं. इथे धरून ठेवणारं तिसरं कुणी नाही. सांधा म्हणजे त्या दोन कडाच. त्या जितक्या नीट, तितकीच टाकी नीट.

(दृश्य : राउटर, म्हणजे फिरत्या पात्याने कड तासणारं यंत्र. पांढरा भुसा. कडेवरून फिरणारं बोट.)

म्हणून या खोलीत तीन दिवस फक्त कडांचं काम चाललंय. करवतीने शीट थोडी मोठीच कापायची आणि शेवटचा अर्धा मिलिमीटर राउटरच्या धारदार पात्याने काढायचा. पॉलिश पेपर हाताने मारला की कड नकळत गोल होते, आणि त्या गोलाईत हवा अडकते. आगीची ज्योत फिरवून कड चकचकीत करणारेही आहेत. दिसायला ती सुंदर दिसते, पण तापून थंड झालेल्या त्या कडेत ताण राहतो आणि द्रावक लागताच केसासारखे तडे जातात. पुतण्या स्टीलची पट्टी कडेवर उभी धरतो, मागून बॅटरी लावतो. पट्टीखालून उजेड दिसला, की कड परत यंत्राखाली. ही कड चौथ्यांदा चाललीय.

शीट निवडतानाही हाच विचार होता. अ‍ॅक्रिलिक दोन तऱ्हांनी बनतं. साच्यात ओतून बनतं ते कास्ट, यंत्रातून दाबून काढतात ते एक्स्ट्रुडेड. दुसऱ्यात मुळातच ताण असतो, म्हणून टाकीला कास्टच हवं. ही शीट 12 मिलिमीटरची आहे. समोरची बाजू, 90 बाय 45 सेंटीमीटर, पावणेसहा किलोच्या आसपास भरते. एवढीच काच बारा किलोंवर गेली असती.

(दृश्य : जुनी छायाचित्रं, मग एका भव्य खिडकीपुढे उभी माणसं.)

1933 साली जर्मनीत अ‍ॅक्रिलिक प्लेक्सिग्लास या नावाने आलं. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक छत याचं असायचं. पुढे मोठ्या मत्स्यालयांनी ते उचललं. जाड काचेत लोहामुळे हिरवी झाक येते; अ‍ॅक्रिलिक जाड झालं तरी स्वच्छ राहतं. जपानमध्ये ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयाची 2002 मधली ही खिडकी साडेबावीस मीटर लांब आणि 60 सेंटीमीटर जाड आहे. एवढी शीट कुणी एकसंध ओतत नाही. तीही जोडलेलीच आहे.

(दृश्य : परत टेबल. गुण्या. उभ्या शीटखाली सरकवलेल्या तारा.)

आता मुख्य जोडणी. समोरची बाजू टेबलावर आडवी, तिच्यावर बाजूची शीट उभी, कोपऱ्याला काटकोन राखणारा गुण्या. संरक्षक कागद फक्त सांध्यापुरता सोललाय. उभ्या शीटखाली बोटाबोटाच्या अंतरावर बारीक तारा आहेत, पाव मिलिमीटरच्या. या तारांनी राखलेल्या फटीत द्रावक सोडायचा आणि थांबायचं, साधारण वीस-तीस सेकंद. तेवढ्यात दोन्ही कडा मऊ होतात. मग एकेक तार ओढून घ्यायची. शीट स्वतःच्या वजनाने खाली बसते, मऊ झालेलं अ‍ॅक्रिलिक दाबलं जातं, बुडबुडे बाहेर पडतात. क्लॅम्प आवळायचा मोह इथे टाळावाच लागतो. जास्त दाबलं तर द्रावकच बाहेर जातो आणि सांधा कोरडा पडतो.

दारं-खिडक्या सताड उघड्या आहेत. या वाफा अपायकारक असतात आणि कापडी मास्क त्यांना अडवत नाही.

पुतण्या मोजतोय. काकांचा हात पहिल्या तारेवर आहे.

(निवेदन नाही. तारा निघतात. शीट बसते.)

वरची चौकट एकाच शीटमधून मधला भाग कापून काढलीय. चार पट्ट्या जोडून केली असती तर कोपऱ्यांत चार कच्चे सांधे आले असते. टाकी भरली की बाजू बाहेर फुगू पाहतात, त्यांना आवळून धरणारी हीच. आतले कोपरेसुद्धा गोल ठेवलेत, कारण टोकदार कोपऱ्यातून तडा सुरू होतो. हा भाग पाहणाऱ्याच्या नजरेत कधी भरत नाही. टाकीचं आयुष्य मात्र याच्यावर असतं.

(दृश्य : अंगण. नळी. चढत जाणारं पाणी.)

पाणी 40 सेंटीमीटरपर्यंत. म्हणजे 144 लिटर, 144 किलो. तळाशी दर चौरस सेंटीमीटरला 40 ग्रॅम दाब, आणि एकट्या समोरच्या बाजूवर मिळून सत्तरेक किलोंचा रेटा. खाली सपाट प्लायवूड आणि फोम आहे, कारण अ‍ॅक्रिलिकच्या तळाला सगळीकडून आधार लागतो. काका पट्टी आडवी लावतात. फुगवटा जेमतेम एक मिलिमीटर. सांध्यांखाली वर्तमानपत्र पसरलंय, थेंब पडला तर कळावा म्हणून. आठ दिवस ते कोरडंच आहे.

(दृश्य : कागद सोलतानाचा लांब शॉट.)

अ‍ॅक्रिलिकला ओरखडे लवकर पडतात, पण ते घासून काढता येतात. पुसायला मऊ कापड आणि पाणी, स्पिरिट किंवा अमोनियाचं क्लीनर कधीच नाही. मग वाळू, वनस्पती, फिल्टर, आणि अमोनियाचं नायट्राइट व नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू रुजेपर्यंत काही आठवडे माशांशिवाय टाकी.

(दृश्य : पिशवीचं तोंड पाण्यात उघडतं. सहा मासे. पुतण्या कोपऱ्याजवळ बॅटरी धरून सांधा शोधतोय.)